लाइन सुरू होईपर्यंत

आमची कंपनी स्पेनमधल्या एका कंपनीने विकत घेतली तेव्हा आधी गेटवरची पाटी बदलली. मग कॅन्टीनमध्ये ऑलिव्हची एक मोठी बरणी आली. ती कुणी उघडली नाही. एक दिवस ती दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी पुन्हा लोणचं आलं. त्यानंतर शनिवारचा स्पॅनिशचा वर्ग सुरू झाला. तो मात्र टिकला.

आम्ही निघोज्यात गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवतो. मी क्वालिटीला आहे. बिजागरी बरोबर झाली आहे की नाही हे मोजून सांगायचं, आणि नसेल तर चार लोकांचं तोंड वाकडं झालेलं बघायचं, असं कामाचं स्वरूप. तेव्हा माझी चाळिशी उलटली होती आणि लग्न झालेलं नव्हतं. त्यामागे काही मोठी कहाणी नाही. लातूरकडच्या भावकीतून सुरुवातीला स्थळं यायची. त्यांतल्या काहींना मी नको होते, काही मला नको होती, आणि दोन्ही बाजूंना चालेल असं एक होतं त्याच्या पत्रिकेत काहीतरी निघालं. मग आई गेली, आणि स्थळं सुचवणारी माणसं अण्णांशी पाऊसपाण्याचं बोलून, चहा पिऊन परत जाऊ लागली. अण्णा म्हणजे माझे वडील. पिंपरीतल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते. चिखलीत आमचा छोटा फ्लॅट, तिथे आम्ही दोघंच.

वर्ग सुरू झाला त्या शनिवारी ट्रेनिंग रूममध्ये खुर्च्या कमी पडल्या. शिकलेल्यांना स्पेनला पाठवणार अशी बातमी होती. स्पेनला कुणीच जाणार नाही, उलट तिथली एक लाइन उचलून इकडे आणणार आहेत, हे कळल्यावर खोली रिकामी होत गेली. लाइन म्हणजे बिजागरी जुळवणाऱ्या मशिनींची रांग. शेवटी वर्गात दोघंच उरलो. मी आणि मेंटेनन्सचे प्रमुख.

ते इथल्याच जुन्या घरातले. कंपनीत सगळे त्यांना साहेब म्हणायचे, मीही म्हणायचे. ते मला मॅडम म्हणत. पत्नी वारून बरीच वर्षं झाली होती, एकुलती मुलगी हिंजवडीत नोकरीला होती. त्यांना बोलण्याआधी एकदा खोकायची सवय होती, म्हणजे समोरच्याला तयारीला वेळ मिळायचा. वर्गाला का येता, असं शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं तेव्हा ते खोकले आणि म्हणाले, "त्या मशिनी येणार हायेत न्हवं. त्यांच्यावर काय लिवलंय ते वाचता आलं पायजे. न्हाईतर मी कसला मेंटेनन्स?"

मला तोच प्रश्न आला. शनिवारी दुपारी घरी जाऊन करायचं काय, हे खरं उत्तर होतं. मी म्हटलं, "भाषेची आवड आहे."

बाई पुण्याहून यायच्या. वयाने आमच्या निम्म्या असतील. कधी हसायच्या नाहीत आणि कधी रागवायच्याही नाहीत. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येकाला त्या एक क्रियापद द्यायच्या आणि ते आठवडाभर स्वतःच्या आयुष्याबद्दल खरं बोलण्यासाठी वापरायला सांगायच्या. भविष्यकाळ शिकवायला घेतला त्या दिवशी आल्या आल्या त्यांनी मला कशा आहात विचारलं. मी म्हटलं, "दमलेय." म्हणून मला दमायचं क्रियापद मिळालं. कांसार्से.

"हे कर्ता स्वतःवरच करतो असं क्रियापद आहे," बाई म्हणाल्या. "मराठीत तुम्ही नुसत्या दमता. स्पॅनिशमध्ये तुम्ही स्वतःला दमवता. शेवटचं 'से' म्हणजे स्वतःला. ते काढून पुढे आणायचं आणि माणसाप्रमाणे बदलायचं. मी असेल तर मे, तू असेल तर ते, आम्ही असू तर नोस. भविष्यकाळात क्रियापद कापायचं नाही. कांसार अख्खं ठेवायचं आणि त्याला शेपूट जोडायचं."

मी वहीत देवनागरीत उतरवून घेतलं. मे कांसारे, मी दमेन. ते कांसारास, तू दमशील. से कांसारा, तो दमेल. नोस कांसारेमोस, आम्ही दमू. ओस कांसारेइस, तुम्ही दमाल. से कांसारान, ते दमतील.

"सगळेच दमणार," साहेब म्हणाले. त्यांना स्वतःला उठायचं क्रियापद मिळालं होतं, लेवांतार्से. ते खूश होते. पुढचा आठवडाभर ते कारखान्यात भेटेल त्याला "मे लेवांतारे" म्हणून सांगत होते की मी उद्या उठेन. ऐकणारे "बरं साहेब" म्हणायचे.

मी भाकरी थापताना पाठ करायचे. अण्णा बाहेरच्या खोलीतून ऐकायचे. इतकी वर्षं इकडे काढून त्यांची बोली लातूरकडचीच राहिली होती.

"काय म्हणायलीस ते?"

"मी मला दमवीन, तू तुला दमवशील."

अण्णांनी विचार केला. "मला तर दुसऱ्यांनीच दमवलं," ते म्हणाले. "त्याला काय म्हणत्यात?"

ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

काही दिवसांनी मशिनी लाकडी खोक्यांतून आल्या, आणि त्यांच्यामागून स्पॅनिश साहेब आला. उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचा माणूस. निवृत्तीला आलेला. त्याच्या गावात ही लाइन त्याने स्वतः उभी केली होती, वर्षानुवर्षं चालवली होती, आणि आता नट-बोल्ट सोडून खोक्यांत भरूनही त्यानेच दिली होती. तिकडच्या त्याच्या माणसांचं काय झालं हे आम्ही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. त्याचं इंग्रजी मशिनीपुरतं होतं. ग्रीस, टॉर्क, टुमॉरो. एवढ्यावर काम चालायचं.

स्वागताला आमचे प्लँट हेड म्हणाले की स्पॅनिश शिकलेल्यांनीच पुढे व्हावं, कंपनीने वर्ग काय उगीच ठेवला आहे का. म्हणून गेटवर साहेब पुष्पगुच्छ घेऊन आणि मी शाल-नारळ घेऊन, असे शेजारी शेजारी उभे राहिलो. बोलायचं वाक्य बाईंकडून तपासून घेतलं होतं. आस्ता एल आर्रांके दे ला लीनेआ, नो नोस कांसारेमोस. लाइन सुरू होईपर्यंत आम्ही दमणार नाही. आत्मविश्वासाचं, कामसू वाक्य. मी ते आदल्या दिवशी बसमध्ये येताजाताना घोटलं होतं.

स्पॅनिश साहेब गाडीतून उतरला. मी शाल घातली, नारळ दिला आणि न अडखळता वाक्य म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग शेजारी उभ्या असलेल्या साहेबांकडे पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "उस्तेदेस दोस?"

म्हणजे, तुम्ही दोघं?

साहेब खोकले. वर्गात उरलेले दोघं ते आम्हीच, हे सांगायला त्यांना अभिमान वाटला असणार. "सी, सेन्योर," ते म्हणाले. "नोस." हो साहेब, आम्ही.

स्पॅनिश साहेबाने नारळ ड्रायव्हरकडे दिला, आम्हा दोघांचे हात हातांत घेतले आणि दाबले. त्याचे डोळे ओले झाले होते. तो "ग्रासियास" म्हणाला, थांबला, आणि पुन्हा म्हणाला. प्लँट हेड मागून म्हणाले, "व्वा. भाषेने किती फरक पडतो बघा."

त्या दिवसापासून तो माणूस पिसाटल्यासारखा काम करू लागला. खोकी उघडताना पोरं चहाला गेली की स्वतः पान्हा हातात घ्यायचा. जेवायला घाई, यायला लवकर, निघायला सगळ्यांच्या शेवटी. आणखी एक गोष्ट होती. मी काही मोजायला लाइनजवळ गेले आणि तिथे साहेब असले, की तो हातातलं काम ठेवून लांब निघून जायचा. कॅन्टीनमध्ये आमच्या टेबलापर्यंत यायचा, आम्ही दोघं दिसलो की मान लववून ताट घेऊन दुसरीकडे बसायचा. एकदा तर आमच्याजवळ बसलेल्या एका इंजिनिअरलाही कोपराला धरून घेऊन गेला.

"तिकडची रीत असंल," साहेब म्हणाले.

"असेल," मी म्हटलं.

शनिवारी तो बाईंना भेटला. ट्रेनिंग रूमबाहेर बराच वेळ दोघं बोलत होते. बाई आत आल्या, दार लावलं, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही गेटवर नक्की काय म्हणालात ते एकदा म्हणून दाखवा."

मी म्हटलं.

"पुन्हा. शेवटचा शब्द सावकाश."

मी सावकाश म्हटलं. कासारेमोस.

"तुमचा अनुस्वार राहतोय," बाई म्हणाल्या. "कांसार्से म्हणजे दमणं. कासार्से म्हणजे लग्न करणं."

वाक्य मनातल्या मनात नव्याने लावायला मला थोडा वेळ लागला. लाइन सुरू होईपर्यंत आम्ही लग्न करणार नाही.

"पण आम्ही म्हणजे सगळे," मी म्हटलं. "आम्ही कंपनीची माणसं."

"नोसचे दोन अर्थ होतात. आम्ही स्वतःला, आणि आम्ही एकमेकांना. दमताना माणूस स्वतःला दमवतो. लग्नाच्या बाबतीत ते एकमेकांशी होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही दोघं? आणि तुम्ही," त्या साहेबांकडे वळल्या, "हो म्हणालात."

साहेबांना खोकायचंही सुचलं नाही. "मी सी म्हणालो," ते म्हणाले.

"त्यांना वाटतंय, तुम्ही त्यांच्या लाइनसाठी लग्न पुढे ढकललं आहे. इतक्या लांबच्या माणसांनी आपल्या जुन्या मशिनींसाठी एवढं करावं, हे त्यांच्या मनाला फार भिडलंय. म्हणून ते घाई करताहेत."

मी साहेबांकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही मला माहीत नाही. बाईंनी फळ्यावर दोन्ही क्रियापदं शेजारी शेजारी लिहिली आणि आम्हाला म्हणायला लावली. आम्ही म्हटली. मी लग्न करीन, तू लग्न करशील, तो लग्न करील. साहेब खिडकीबाहेरच्या फोर्कलिफ्टकडे बघत म्हणत होते.

गैरसमज माझ्यामुळे झाला होता, तेव्हा मीच निस्तरायचा असं ठरवलं. सोमवारी सकाळी मी स्पॅनिश साहेबाला लाइनजवळ एकट्याला गाठलं. या वेळी अनुस्वाराचा घोळ होऊ द्यायचा नव्हता, म्हणून वाक्य अगदी छोटं ठेवलं. "सेन्योर. नो नोस कासारेमोस." आम्ही लग्न करणार नाही.

उच्चार अचूक होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

त्याने आधी लाइनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. छातीवर हात ठेवून काहीतरी लांबलचक बोलला, त्यातला "माफ करा" एवढाच शब्द मला कळला. मी "नो, नो" म्हणत होते. त्यावर त्याने मान हलवली, समजूतदार माणसं हलवतात तशी, आणि दूर जाऊन एका खोक्यावर बसला. दुपारी त्याने साहेबांना गाठून खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. साहेब ऑइल बदलत होते. त्यांना हात काढून घ्या म्हणणंही बरं वाटेना.

संध्याकाळी प्लँट हेडनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. स्पॅनिश साहेबाने फोनवरच्या भाषांतरातून त्यांना काहीतरी सांगितलं होतं. फोनने ते मराठीत असं काढलं होतं: रांगेने दोन माणसांचे घर मोडले आहे, कृपया त्यांना विश्रांती द्या.

"तुमचं काय चाललंय?" प्लँट हेडनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

"आता न्हाई, का आधीपासूनच न्हाई, हे बी सांगा मॅडम," साहेब हळूच म्हणाले. "न्हाईतर हेही चुकायचं."

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. प्लँट हेडनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हाला सुट्टी नकोय?"

"नको."

"ठीक आहे," ते म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे दिसत होतं.

मी म्हटलं, आपणही फोनवरच भाषांतर करून त्याला सांगू. साहेब तयार होईनात. त्या फोनने मागे बेअरिंगचं सहनशीलता केलं होतं आणि एका कामगाराने अर्धा दिवस स्टोअरमध्ये सहनशीलता शोधली होती. बाई शनिवारी येतील तेव्हा त्यांनाच सांगायला लावू, असं ठरलं.

शनिवार यायच्या आत बातमी कंपनीच्या बसमधून चिखलीला पोचली. आमच्याच इमारतीत राहणारे एकजण त्या बसने येतात. त्यांनी अण्णांना लिफ्टपाशी गाठून सहानुभूती दाखवली. मी घरी आले तेव्हा अण्णा टीव्ही बंद करून बसले होते.

"तुझं लग्न मोडलं म्हणायलेत लोक," ते म्हणाले. "ठरलं होतं कधी?"

मी पाणी प्यायले आणि त्यांनाही सगळं सांगितलं. कांसार्से, कासार्से, नोस. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "माणूस कसा हाय?"

"अण्णा, ती चूक होती. बोलण्यातली."

"ते कळलं मला. माणूस कसा हाय ते विचारायलोय."

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला बरंच काही सांगता येतंय. ते घास घेण्याआधी शेजारच्याला हवं-नको विचारतात. खालच्या पोरांवर ओरडत नाहीत, मशीनवर ओरडतात. ताकात मीठ घालत नाहीत. हे मी कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे. मी म्हटलं, "बरा आहे," आणि कुकर लावायला उठले.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी साहेब स्वतः आमच्या घरी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पेरूंची पिशवी. माझ्यामुळे तुमच्या घराचं नाव निघालं, त्याची माफी मागायला आलो, असं त्यांनी दारातच सांगितलं. अण्णांनी त्यांना बसवलं. मी चहा ठेवला. आत ऐकू येत होतं.

"चूक तिचीच होती म्हणते ती," अण्णा म्हणाले.

"माझी बी हाय. मी सी म्हणालो. म्हंजे व्हय."

"काय विचारलं होतं ते कळलं नव्हतं तुमाला?"

"न्हाई."

"मग आता कळलंय?"

मी चहात साखर घातली की नाही आठवेना, म्हणून पुन्हा घातली. साहेब खोकले. "आता कळलंय," ते म्हणाले. त्यापुढे दोघांनी पिंपरीच्या जुन्या कारखान्यांचा विषय काढला, कुठला बंद पडला आणि कुठल्या जागी आता टॉवर उभे आहेत त्याचा. माझा चहा दोघांनी निमूटपणे प्यायला. तो पाकासारखा झाला होता.

शनिवारी बाईंनी स्पॅनिश साहेबाला ट्रेनिंग रूममध्ये बसवून फळ्यावरची दोन्ही क्रियापदं दाखवली. आम्ही समोर, शाळेत तक्रार गेल्यावर पोरं उभी राहतात तसे उभे. तो ऐकत गेला. मग त्याने डोक्याला हात लावला आणि हसायला लागला. इतक्या दिवसांत आम्ही त्याला हसताना पाहिलं नव्हतं. थांबायचा, फळ्याकडे बघायचा, पुन्हा हसायचा. शेवटी डोळे पुसून बाईंना काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

बाईंनी नेहमीच्या आवाजात सांगितलं, "म्हणाले, वाईट वाटलं."

"गैरसमजाचं?"

"नाही. तो मिटला त्याचं."

सगळं मोकळं झालं. स्पॅनिश साहेब आता आमच्या टेबलावर येऊन बसू लागला, लोणचंही खाऊ लागला. पंचाईत आमची झाली. इतके दिवस आम्ही रोज समोरासमोर जेवत होतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आता साहेब ताट घेऊन आले की मला उठावंसं वाटायचं, आणि उठले तर लोकांना काय वाटेल असं वाटायचं. एक दिवस ते दुसऱ्याच टेबलावर बसले. मला राग आला. कसला आला ते मला सांगता आलं नसतं. दुपारी त्यांच्या डिपार्टमेंटने मशिनींसाठी बनवलेले तीन सुटे भाग मी परत पाठवले. तिन्ही खरोखरच चुकीचे होते, पण एरवी मी फोन करून सांगितलं असतं.

लाइन सुरू झाली त्या दिवशी पूजा झाली. भटजींनी स्पॅनिश साहेबाच्या कपाळाला गंध लावलं. पहिली बिजागरी बाहेर आली ती माझ्याकडे आणली. मी मोजमापाच्या गेजवर बसवली, फिरवली, बघितली, पुन्हा फिरवली. बरोबर होती. मी मान हलवल्यावर टाळ्या झाल्या. स्पॅनिश साहेब टाळ्या न वाजवता पहिल्या मशीनच्या हिरव्या पत्र्यावर हात ठेवून उभा होता. त्याच्या गावी ती कुठल्या खिडकीशेजारी उभी असायची, हे त्याने साहेबांना हातवारे करून सांगितलं. साहेबांना ते कसं कळलं मला माहीत नाही. त्यांनी स्टूल आणलं आणि त्याला तिथे बसू दिलं, आणि पोरांना सांगितलं की इकडं कुनी यायचं न्हाई.

तो परत गेल्यावर चार दिवसांनी साहेब माझ्या तपासणीच्या खोलीत आले. त्या खोलीत एसी असतो आणि दार आपोआप लागतं. हातात नाकारलेला भाग नव्हता. ते खोकले. मी गेज खाली ठेवला.

"मॅडम," ते म्हणाले, "नोस कासारेमोस?"

मी म्हटलं, "उच्चार तपासायला आलात का?"

"न्हाई. बाईंकडनं फोनवर तपासून घेतलाय. बरोबर हाय म्हणाल्या." ते जरा थांबले. "मराठीत मला जमलं नसतं. चार दिस झाले, जमतच नव्हतं. ह्यात कसं, शब्द बाहेर पडून गेले की मग कळतंय काय बोललो ते."

मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. मी स्टुलावर बसले. मग मी खूप सरळ प्रश्न विचारले. मुलीला सांगितलंय का? सांगितलंय. ती काय म्हणाली? ती म्हणाली, त्यांचं नाव घेताना तुमचा खोकला बंद होतो. अण्णांना एकटं ठेवून मी येणार नाही. मग अण्णांना घिऊन या. ते येणार नाहीत. मग मी येतो. लोक म्हणतील ते आधीपासूनच होतं. लोक म्हणूनच बसलेत, मॅडम, त्यांचं म्हणून झालंय.

मी म्हटलं, "मला वेळ लागेल."

"लागू द्या," ते म्हणाले आणि गेले. दार आपोआप लागलं. मी राहिलेल्या बिजागऱ्या मोजल्या. त्या दिवशी त्यांतली एकही मी परत पाठवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन सगळ्या पुन्हा मोजल्या, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता. बरोबर होत्या.

वेळ तितकासा लागला नाही. अण्णांना सांगितलं तेव्हा ते वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, "ह्या वेळेला नीट बोललीस ना? परत काही राहिलं नाही ना बोलायचं?" मी नाही म्हटलं. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, ते उलटं धरलं होतं हे त्यांच्या नंतर लक्षात आलं, आणि मग ते गॅलरीत जाऊन बराच वेळ उभे राहिले.

लग्न नोंदणी पद्धतीने झालं. साक्षीदार म्हणून बाई आल्या. सही करताना पहिल्यांदा हसल्या. साहेबांच्या मुलीने सगळ्यांना कार्यालयाच्या पायरीवरच पेढे वाटले. संध्याकाळी स्पॅनिश साहेबाला व्हिडिओ कॉल केला. आम्ही हार घालून समोर बसलो. त्याने दोन्ही हात वर केले, बायकोला हाक मारून बोलावलं, तिने आम्हाला लांबून आशीर्वाद दिल्यासारखं काहीतरी केलं. मग त्याने चष्मा लावून विचारलं की तिसऱ्या मशीनची स्प्रिंग बदलली का. साहेबांनी बदलली म्हणून सांगितलं. त्यावर दोघांचं जे सुरू झालं ते मी हार काढून ठेवला, चहा केला, तरी चाललं होतं.

आता आम्ही निघोज्याजवळ यांच्या जुन्या घरी राहतो. बसची गरज नाही, कंपनी चालत जाण्याइतकी जवळ आहे. घरीही हे मला मॅडमच म्हणतात. शेजारच्या बायकांना आधी वाटलं, माझा काहीतरी हुद्दा आहे. अण्णा यायला तयार नव्हते, म्हणून आधी हेच चिखलीला येऊन राहिले होते. मग एकदा चार दिवसांसाठी म्हणून आले, अंगणात खुर्ची टाकून बसले, आणि अजून चार दिवसांसाठीच आलेले आहेत. पिशवी त्यांनी उघडून रिकामी केलेली नाही. कपडे तिच्यातूनच काढतात आणि धुऊन तिच्यातच ठेवतात. चिखलीचा फ्लॅट भाड्याने द्यावा असं यांनी एकदा सुचवलं होतं. अण्णा म्हणाले, बघू. दर महिन्याला ते तिकडे जातात, खिडक्या उघडतात, पंखे पुसतात, नळ सोडून बघतात, आणि अंधार पडायच्या आत जेवायला परत येतात.